चार मायक्रॉन

रास्ता पेठेत दुसऱ्या मजल्यावर,
खाली कुलपांचं दुकान, वर आम्ही:
मी, मायक्रोटोम, आणि बर्फाच्या ट्रेत मांडलेले
मेणाचे ठोकळे.
प्रत्येकात कुणाचं तरी काहीतरी, वाटाण्याएवढं.
नाव नाही, नुसता नंबर. अठराशे बेचाळीस. त्रेचाळीस.
मी चाक फिरवते
आणि चार मायक्रॉनची फीत उतरते,
कोमट पाण्यावर सायीसारखी पसरते.
मी श्वास रोखून धरते. वीस वर्षं झाली,
अजून रोखून धरते.

नवीन आलेली शाहीन विचारते,
ताई, ऊती म्हणजे नक्की काय?
व्याख्या तिला पाठ आहे,
सारख्या पेशी, सारखं काम.
मी म्हणते, ऊती म्हणजे विणलेलं.
भवानी पेठेत माझे वडील मागावर बसायचे.
कापड हातात आलं की आधी उलटं करायचे,
तर्जनी फिरवायचे पाठीवरून.
खोटं काम समोरून दिसत नाही, म्हणायचे.

मग तिला काच दाखवते.
केंद्रकं जांभळी, बाकीचं गुलाबी.
ही आतड्याची अभिस्तर ऊती,
एका ओळीत उभ्या पेशी, खांद्याला खांदा,
आत काय घ्यायचं ते ह्याच ठरवतात.
ही कूर्चा, हिच्यात रक्तवाहिनीच नाही,
म्हणून हिला काही झालं तर
दुरुस्तीला कुणी लवकर येत नाही.
आणि ही चरबी. म्हणजे, होती.
झायलीनमध्ये विरघळून गेली.
उरल्या नुसत्या खोल्या,
मे महिन्यातल्या वसतिगृहासारख्या.
शाहीन म्हणते, किती छान जाळी!
मी काही बोलत नाही.

मागच्या डिसेंबरात, संध्याकाळी,
पातं बदलताना डाव्या तर्जनीत गेलं.
दुखलं नाही आधी. आधी दिसलं.
मला माझीच कड दिसली: पांढरी, मग पिवळे दाणे,
मग लाल, आणि लाल थांबेना.
मग थांबलं.
वाहिनीच्या भिंतीतला बिनपट्ट्यांचा स्नायू
आवळला होता, मला न विचारता.
बोट वाकवून पाहिलं, वाकलं.
बोटात वाकवणारा स्नायू नसतोच;
तो बसतो कोपराखाली
आणि लांबून दोऱ्या ओढतो,
जसा वडिलांच्या हातातला दोर
आणि पलीकडे धावणारा धोटा.

पेंढरकर मॅडमनी तीन टाके घातले.
म्हणाल्या, रोज उघडून बघू नकोस.
मी रोज उघडून बघितलं.
दोन्ही काठांवरून कातडी निघाली,
खपलीच्या खालून, रांगत, अंधारात,
मध्यावर भेटली आणि थांबली.
कुठं थांबायचं हे कळतं तिला.
नाही कळलं तर काय होतं
ते माझ्या कपाटात आहे, नंबर लावून.

खाली संयोजी ऊतीनं घाईघाईत धागे टाकले,
आडवेतिडवे, जमेल तसे.
रविवार पेठेतला रफूवाला सांगतो ना,
ताई, भोक जाईल, रफू दिसेल.
दिसतो. तांदळाएवढा. थंडीत पांढरा पडतो.

चेता ऊतीची वाट बघितली.
दिवसाला एक मिलिमीटर, फार तर, असं वाचलं होतं.
बोटाचं अंतर मोजलं. हिशेब केला.
जानेवारी, फेब्रुवारी. शाहीन टाचणीनं टोचायची,
मी डोळे मिटून सांगायचे: आता. आता.
एका जागी मी गप्प राहायचे
आणि ती टाचणी काढून घ्यायची.

दिवाळीआधी लक्ष्मी रोडला गेले होते.
दुकानदारानं इरकल उलगडली,
मी पदर उलटा केला, बोट फिरवलं
आणि काहीच नव्हतं तिथं. ना उभा, ना आडवा.
दुकानदार बघत होता.

आता कापड बघायला मधलं बोट वापरते.

अठराशे चव्वेचाळीस.
शाहीन, बर्फ संपलाय बघ.